दोन कड्या

साडेनऊचा खेळ सुटायला चार मिनिटं उरली
की मी बॅटरी विझवून उजव्या दाराशी जातो.
वर एक कडी, खाली एक कडी.
पडद्यावर तेव्हा दोन अधिकारी
दोन किल्ल्या घेऊन उभे असतात म्हणे.
मला ते फक्त पाठीमागून ऐकू येतात.
उलटे आकडे. दहा. नऊ.
मध्येच एका बाईचा श्वास, ती बहुधा पंतप्रधान.
मग काळोख, आणि वर सरकत जाणारी नावं.

तीन आठवडे झाले. वास्कोत दुसरं चित्र नाही.

लोक बाहेर येतात ते निकाल देतच.
खारीवाड्याची पिएदाद म्हणाली,
अख्ख्या दोन तासांत कुणी जेवलं नाही रे!
सात वेळा चहा आला त्या टेबलावर,
मी मोजलं, सातही वेळा निवून गेला.
पोटात काही नसलं की माणूस असलेच निर्णय घेतो.
तिचा नवरा म्हणाला, हिला चित्रपट कळत नाही.
ती पुढे चालत राहिली, चपला हातात घेऊन.

वोळवोयकर दर बुधवारी येतात.
जी-चौदा, कडेची खुर्ची.
नौदलातून निवृत्त, बावीस वर्षं रडारपाशी, तीही रात्रपाळीच जास्त.
म्हणाले, दिवा चुकलाय. तांबडा असा लुकलुकत नाही.
मग कसा, मी विचारलं.
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
तो पेटू नये म्हणून तर आम्ही बसायचो, म्हणाले,
आणि रस-ऑम्लेटच्या गाड्याकडे गेले.
पाव एकच घेतला.

कॉलेजातली पोरं स्कूटरींपाशी भांडली.
शत्रूचा सेनापती उगाच भला दाखवलाय, एकाचं म्हणणं.
दुसरा म्हणाला, पलीकडे हेच चित्र लागलं
तर तिथे शत्रू आपण,
आणि शिट्ट्या ह्याच जागी पडतील.
त्यावर कुणाला काही सुचलं नाही.
सीटवर बंदरातल्या कोळशाची पूड बसली होती,
एका खेळापुरती, पातळ, काळी.
त्यांनी ती तळव्याने झटकली, सवयीने,
आणि तळवा पँटला पुसला.

शांबा तांडेल बार्जवर असतो.
त्याला चित्र भलतंच आवडलं.
दोन किल्ल्या लागतात हे बरं केलंय, म्हणाला,
आमच्याकडे दोघांचं एका दोरीवर एकमत होत नाही,
जग वाचलं असणार, लिहून घे.
वाडकर बाई, शाळेत भूगोल शिकवायच्या,
त्यांनी तिकीट माझ्यापुढे धरलं:
शेवट अर्धा, तर पैसेही अर्धे परत करा.

मग सगळे माझ्याकडेच वळतात.
तू तर रोज बघतोस. सांग ना, सुटतं का ते?

मी रोज कड्या बघतो.

वरची गंजलीय, बोटाला लागते.
खालचीसाठी वाकावं लागतं,
आणि वाकलेलो असतो तेव्हाच
तिकडे तीन म्हणतात, दोन म्हणतात.
एक ऐकू येतं.
शून्य कधीच येत नाही.
दाराला हात लावून मी जरा थांबतो.
हे मालकाला माहीत नाही.
घरी मी कधी बोललो नाही.
पलीकडून काहीच आवाज नसतो, दार जाड आहे,
म्हणून थांबतो.
मग ढकलतो.

गाड्यावरचा बल्ब.
खाली तुळशीदास कांदा चिरतोय, नाक ओढत.
एक विमान, शेवटचं असावं,
चाकं काढून, पोट दाखवत दाबोळीवर उतरतंय.
बल्ब आहे. कांदा आहे.
बाहेरचा वारा खारट, तसाच.

मी बाजूला सरतो.
मागून लोक येतायत, आपापलं मत घेऊन, डोळे चोळत.
सांभाळून, म्हणतो,
पुढे पायरी आहे.